दुहेरी शिवण

४ फेब्रुवारी

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. छापल्यासारखी अक्षरं बघून दचकू नकोस. तुझी बहीण सत्तरी उलटल्यावर शाळेत गेलेली नाही. शेजारच्या टायपिस्टबाई लिहून घेताहेत. तीस वर्षं साहेबांचं ऐकून टाइप केलं, आता माझं ऐकतात. मी बोलेन तसंच लिहा म्हटलं, तर पहिल्याच ओळीत त्यांनी 'उपरोक्त विषयास अनुसरून' घातलं. ते काढायला लावलं, तेव्हा कुठे आशीर्वादाला जागा झाली.

फोनवर तुला अपघाताचं अर्धंच सांगितलं, कारण माझा लेक शेजारी उभा होता. आता पुरतं ऐक.

तीन आठवडे झाले. सकाळची वेळ, सूनबाई गाडी चालवत होती, मागे मी आणि आपली भिंगरी. नऊ वर्षांची झाली तरी नातीचं तोंड काही मिटत नाही. चौकात बाजूच्या रस्त्याने एक टेम्पो आला तो थेट सूनबाईच्या दारावर. गाडी गर्रकन फिरली आणि पुढून भिंतीवर आदळली. मला खांद्याला मुका मार, भिंगरीला खरचटलंसुद्धा नाही. सूनबाईच्या मात्र तीन बरगड्या आणि खुब्याचं हाड. अजून इस्पितळातच आहे.

काल गाडीच्या कंपनीचं पत्र आलं. लेकाने वाचून दाखवलं. चालकाने पट्टा लावलेलाच नव्हता, गाडीतल्या यंत्रात तशी नोंद आहे, सबब आमचा दोष नाही. वाचून झाल्यावर त्याने कागदाची नीट घडी केली आणि म्हणाला, "आई, तिची नेहमीच घाई असते." एवढंच. पण एवढ्यातही बरंच मावतं. आणि ती पडल्या पडल्या मला म्हणते, "आई, मला काही आठवत नाही. नसेल लावला. पोर मागे बसलेली आणि मी अशी." गाडीला पुन्हा हात लावणार नाही, असंही म्हणते.

धाकट्या, तिने पट्टा लावला होता. मला अक्षर ओळखता येत नाही, म्हणून मी कानांवर जगते. गाडीत बसले की मी टक् मोजते. तीन माणसं, तीन टक्. तिसरा ऐकू आल्याशिवाय मी 'चला' म्हणत नाही, आणि मी 'चला' म्हटल्याशिवाय सूनबाई चावी फिरवत नाही. सुरुवातीला वैतागायची, "आई, हे काय विमान आहे का?" मग सवय झाली. त्या दिवशी तीन टक् झाले. मी 'चला' म्हटलं.

आणि दुसरं. इस्पितळात तिचं अंग मीच पुसते, नर्सचा हात भांडी घासल्यासारखा चालतो. सूनबाईच्या खांद्यापासून छातीवरून तिरपा वळ आहे, माझ्या तीन बोटांएवढा रुंद. आधी काळानिळा होता, आता पिवळा पडत चाललाय. पट्टा लावला नव्हता, तर हा अंगावर काढला कोणी?

गाडी तुझ्याच गावच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेलीय. मोडीत काढणार म्हणतात. चाळीस वर्षं तू गाड्यांखाली झोपलास, बायकोच्या शेजारी त्याहून कमी झोपला असशील. बहिणीसाठी आणखी एकदा झोप. त्या पोरीवरचा डाग पुसल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.

तुझी ताई

(टायपिस्टबाईंकडून: झोपण्याचं वाक्य गाळावं अशी विनंती केली होती. ती अमान्य झाली.)


११ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. टायपिस्टबाईंनाही नमस्कार, त्यांची मला दया येते.

तुझं टक् खरं. पण टक् ऐकू आला म्हणजे पट्ट्याने धरलंच, असं नाही. पट्ट्याला धातूची जीभ असते. ती बकलात गेली की आतला खटका तिला पकडतो. खटक्याची स्प्रिंग कमजोर असली तर आवाज होतो, जीभ बसल्यासारखी वाटते, पण धरलेली अर्धीच असते. कडी अर्धी लागलेल्या दारासारखं. वाऱ्याने उघडत नाही, लाथ मारली की उघडतं. पहिला हिसका पट्ट्याने झेलला असेल, म्हणून वळ. मग सुटला असेल. यंत्राने नोंद केली ती सुटल्यानंतरची. म्हणजे यंत्रही खोटं बोलत नाही आणि तूही नाही. असे दोन बकल मी माझ्या हाताने उघडून पाहिलेत.

आता ऐक. गाडी मोडीत काढू नये म्हणून कंपनीला रजिस्टर पत्र टाका, आजच. टायपिस्टबाईंना त्यात 'उपरोक्त' घालू दे, तिथे ते शोभतं. आणि वळ पुसट होण्याआधी डॉक्टरकडून लिहून घे.

आणखी एक विचारायचंय. त्या गाडीत पुढच्या सीटच्या कुशीत, दाराच्या अंगाला, एक एअरबॅग असते. धडक दाराला बसली, म्हणजे ती उघडायला हवी होती. ती सीटची शिवण फाडून बाहेर येते. कंपनी तेवढी शिवण मुद्दाम कच्ची ठेवते. सीटवर कव्हर होतं का? तुझ्या हातचं?

गुडघा बरा नाही. पण जातो.

धाकटा


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा गुडघा लहानपणापासून कामाच्या वेळीच दुखतो, तेव्हा त्याला घाबरू नकोस.

रजिस्टर पत्र गेलं. टायपिस्टबाईंनी त्यात तीन 'उपरोक्त' आणि एक 'तात्काळ' घातलं, पत्र टाकून आल्या तेव्हा दोन वर्षांनी तरुण दिसत होत्या.

मग मी डॉक्टरकडे गेले. कोवळा आहे, अजून मिशी ठरलेली नाही. म्हटलं, हा वळ कशाचा ते लिहून द्या. तो म्हणाला, "आजी, हे तर पहिल्या दिवशीच्या कागदातच आहे. फोटोसकट." त्याने वाचून दाखवलं. खांद्यापासून तिरपा वळ, पट्ट्याचा. पाच आठवडे तो कागद माझ्या लेकाच्या बॅगेत होता. घरात मी एकटी अडाणी, बाकी सगळे शिकलेले, आणि वाचलं कोणीच नव्हतं!

लेकाला तो कागद परत वाचायला लावला, मोठ्याने, बायकोच्या खाटेशी उभं राहून. मग तिच्या उशाशी बसून राहिला, भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तरी. तिने त्याला काय म्हटलं ते मी ऐकलं नाही. ऐकू येत होतं, पण ऐकलं नाही.

मात्र तिला अजून खरं वाटत नाही. म्हणते, "वळ असेल हो, पण पट्टा सुटला कसा? मीच नीट लावला नसेल." तेव्हा तुझ्या बकलावर सगळं आहे. तू काढ त्याची जीभ बाहेर.

सीटचंही तू काहीतरी विचारलं होतंस. पण ते वाचताना टायपिस्टबाईंना खोकला आला आणि राहून गेलं.

तुझी ताई

(टायपिस्टबाईंकडून: मला खोकला आला नव्हता.)


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,

जाऊन आलो. वर्कशॉपचा फोरमन माझ्याच हाताखाली तयार झालेला निघाला. आधी "साहेबांची परवानगी" म्हणाला, मग त्याला आठवण करून दिली की पहिल्या दिवशी त्याने ब्रेकचं तेल इंजिनात ओतलं होतं. दार उघडलं.

पट्टा पाहिला. जीभ जिथून सरकते तिथे पट्ट्यावर चकाकता ओरखडा आहे, आणि जिभेवरचं प्लॅस्टिक वितळल्यासारखं ओढलं गेलंय. माणूस पट्ट्यात असताना जोर आला तरच असं होतं. रिकामा पट्टा नुसता लोंबतो.

मग बकल. फोरमनसमोर दहा वेळा लावून ओढलं. दहाही वेळा टक् झाला. तीन वेळा जीभ हातात आली. फोटो काढले, कागद केला, फोरमनची सही घेतली. गाडी अजून तिथेच आहे, तुमच्या पत्रामुळे तिला हात लावलेला नाही.

ताई, सूनबाईला सांग, यात तिची सुतराम चूक नाही. हे मी गाडीवाला म्हणून सांगतो, मामा म्हणून नाही.

तक्रार फक्त बकलाची करा. एअरबॅगचं नाव काढू नका. ती का उघडली नाही, याची पन्नास कारणं असू शकतात. एका वेळी एकच नट सोडवावा.

तब्येतीला जप.

धाकटा


९ मार्च

धाकट्या,

अक्षर बदललेलं दिसेल. सूनबाई घरी आलीय, काठी टेकत चालते. पत्र तीच लिहितेय. टायपिस्टबाई जरा रुसल्यात, पण हे पत्र हिच्याच हातून जायला हवं होतं.

तू लहानपणापासून एकेक गोष्ट तीन-तीनदा विचारतोस. चहात साखर घातली का, हेही. कव्हरचं एकदा विचारलंस, मी गिळून टाकलं, आणि तू दुसऱ्यांदा विचारलंच नाहीस. उलट मलाच सांगतोस, एअरबॅगचं नाव काढू नको. म्हणजे तू पाहिलंस.

लिही गं, थांबू नकोस.

पुढच्या दोन्ही सीटची कव्हरं मी शिवली होती. जाड कापड, मेण लावलेला दोरा, कडेला दुहेरी शिवण. दाराच्या अंगाला तर आणखी एकदा मशीन फिरवली, कारण चढता-उतरता तिथेच घासतं. मी गावभर काय सांगत फिरायचे, ते तुला माहीत आहे. कापड फाटेल, माझी शिवण फाटणार नाही.

कव्हरचं विचारणारं तुझं पत्र आलं त्या दिवशी उरलेल्या कापडाचे दोन तुकडे काढले आणि तशीच शिवण घातली. एक टोक मी धरलं, दुसरं लेकाच्या हातात दिलं. म्हटलं, ओढ. का ते सांगितलं नाही. त्याचे दंड भरून आले, शिवण हलली नाही. पन्नास वर्षं ज्या गोष्टीचा तोरा मिरवला, तिची त्या दिवशी भीती वाटली. तो फुगा आत फुगायला गेला असेल आणि माझ्या दोऱ्याने त्याला दाबून धरलं असेल. पट्टा सुटला तो कंपनीचा. फुगा अडकला तो माझा.

सूनबाईचं पेन थांबलंय. मी म्हटलं, "तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून पत्रात सांगतेय." तर म्हणते, "पत्र तरी माझ्याच तोंडावर सांगताय की." मग पेनाला टोपण लावलं. मी उठायला लागले, तर म्हणाली, "बसा. पुढे सांगा."

पुढे एवढंच. कव्हर कुठे आहे? गाडीत नाही, हे मला ठाऊक आहे. असतं तर फोरमनच्या कागदात आलं असतं. मला ते हवंय, आहे तसं. कंपनीने मीटिंगला बोलावलंय, तिथे मीच ठेवणार. तिच्या नावावरचा डाग पुसायला निघाले, तो माझा डाग झाकून पुसला जाणार नाही.

ताई

मामा, मला राग आला. अजून आहे. बरगड्यांमुळे मोठा श्वास घेता येत नाही, म्हणून धड रागावताही येत नाही. पण आईंनी सांगितलं तसंच लिहिलंय, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. कव्हर पाठवा.

सून


१६ मार्च

ती. ताईस आणि चि. सूनबाईस,

पकडलंत. कव्हर माझ्या पलंगाखाली पत्र्याच्या ट्रंकेत आहे. फोरमन चहा सांगायला गेला, तेवढ्यात मी ते कात्रीने कापून काढलं, शेजारच्या सीटचंही, आणि पिशवीत घातलं. शिवणीला कात्री लागेना, म्हणून मधून कापलं. तुझी शिवण मी अंधारातही ओळखेन, ताई. ती सीटवर पाहिली, तेव्हाच तुला हे आयुष्यात कळू द्यायचं नाही, असं ठरवलं होतं.

आता माझं ऐक. हे कंपनीच्या हातात दिलंस, तर ते त्याच्याआड बकलही लपवतील. म्हणतील, बघा, सगळं घरच्या कव्हरमुळे झालं. आपण होऊन पायावर कुऱ्हाड मारून घेऊ नकोस.

हे लिहिलं आणि वाचून पाहिलं. तू ऐकणार नाहीस.

कव्हर पार्सलने पाठवतोय. सोबत माझा जबाब आहे, मी ते काढलं असं सहीने लिहून दिलंय. पुरावा हलवला तो मी, त्याचा बोल तुला नको. मीटिंगला आलो असतो, पण गुडघ्याने या वेळी खरोखर दगा दिलाय. डॉक्टरने महिनाभर जिना बंद केलाय.

आणखी एक. माझ्या गाडीवरही तूच शिवलेली कव्हरं आहेत. त्याच गाडीतून वर्कशॉपला गेलो होतो. परतल्यावर काढायला घेतली, पण हात होईना. तू स्वतः येऊन घातली होतीस.

धाकटा


२० एप्रिल

धाकट्या,

आधी हे: हात होत नसेल तर काढू नकोस, पण गाडी जागची हलवायची नाही. तुझ्या बायकोला मी फोनवर बजावलंय, चावी तिच्याकडे आहे. तुला शोधूनही सापडणार नाही.

आता मीटिंग. मी, सूनबाई काठीसकट, आणि लेक पिशवी धरून. समोर तीन माणसं. एक बोलणारा, एक लिहिणारा, आणि एक नुसता घड्याळ बघणारा. खोलीत गार हवा एवढी, की मला वाटलं आम्हाला टिकवून ठेवायचा विचार आहे.

लेकाने डॉक्टरचा कागद वाचला, फोरमनचा वाचला, तुझा जबाब वाचला. मग मी पिशवीतून कव्हर काढून टेबलावर अंथरलं. म्हटलं, "हे माझं. सीटच्या कुशीतला फुगा उघडला नाही, तो ह्या शिवणीमुळे. चूक माझी, लिहून घ्या."

बोलणारा हसला. तू म्हणाला होतास तसाच. "आजी, मग प्रश्नच मिटला. गाडीत बाहेरचं कव्हर होतं."

मी विचारलं, "साहेब, कव्हरने फुगा दाबला. बकलही कव्हरनेच उघडलं का?"

घड्याळवाल्याने पहिल्यांदा घड्याळावरून नजर काढली.

गाडीचं बकल पट्ट्यासकट त्यांच्याकडेच होतं, मोहोर लावलेल्या पिशवीत. मी म्हटलं, "काढा बाहेर. मी पाठ करून बसते. तुम्ही लावा आणि जोरात ओढा. टक् झाला की मी 'चला' म्हणेन, गाडीत म्हणते तशी." बोलणारा नको म्हणत होता, पण लिहिणाऱ्याने पिशवी फोडली. तरुण माणूस, त्यालाच बघायचं होतं. मी भिंतीकडे तोंड करून बसले. टक्. चला. टक्. चला. तिसरा टक् झाला, मी 'चला' म्हटलं, आणि माझ्या पाठीमागे काहीतरी खाड्कन टेबलावर आपटलं.

मी वळून पाहिलं, तर तो पोरगा मनगट चोळत होता आणि पट्ट्याची जीभ कव्हरवर पडली होती.

मी सूनबाईकडे पाहिलं. अपघातानंतर पहिल्यांदा ती ताठ बसली होती. बरगड्या दुखत असणार, तरी. म्हणाली, "म्हणजे मी लावला होता." कोणालाच उद्देशून नाही. मग माझ्या लेकाकडे बघून पुन्हा एकदा, तेच. तो म्हणाला, "हो. लावला होतास. मी चुकलो." लिहिणाऱ्याने तेही लिहून घेतलं की काय, कोण जाणे.

दोन आठवड्यांपूर्वी त्यांचं पत्र आलं. चालकाने पट्टा लावलेला होता, आधीचं म्हणणं मागे घेत आहोत. बकलात दोष आढळला, त्याच खेपेतल्या सगळ्या गाड्या परत बोलावून बकल बदलून देणार. एअरबॅगबद्दल लिहिलंय, बाहेरच्या कव्हरमुळे अडथळा, कंपनी जबाबदार नाही. लेक भडकला. मी म्हटलं, बरोबर लिहिलंय, राहू दे.

पण कंपनीने तिच्या गाड्या परत बोलावल्या, तर मी माझी कव्हरं कशी सोडू? मी एकूण एकोणीस गाड्यांची कव्हरं शिवलीत. वहीत नोंद नाही, कापडावरून सगळी पाठ आहेत. निळी रेघ दूधवाल्याची, चौकडा गणिताच्या मास्तरांचा, फुलं दाताच्या डॉक्टरणीची. पहिल्या चार घरी पायी गेले. दारात उभी राहून सांगितलं, "माझी शिवण चांगली नाही, काढायला आलेय." मास्तर म्हणाले, "काहीतरीच काय, दहा वर्षांत दोरा सुटला नाही!" म्हटलं, "तेच तर."

पाचवं घर लांब होतं. मी चपला घातल्या, तर सूनबाईने टायपिस्टबाईंच्या गाडीची चावी मागून आणली. काठी मागच्या सीटवर टाकली आणि पुढे बसली. आरसा तीनदा नीट केला. मी काही बोलले नाही. मला बोलायचं नसतं तेव्हा काय कष्ट पडतात, तुला माहीत आहे.

आता टक्वर आमचं भागत नाही. टक् झाला की ज्याने त्याने आपला पट्टा धरून हिसका द्यायचा. मग दुसऱ्याचा. भिंगरी माझा ओढते, ही मुलगी एक दिवस माझा खांदा निखळवणार. मी तिचा ओढते. मग पुढे वाकून सूनबाईचा मीच ओढते, दोनदा. तेवढ्यात ती म्हणते, "आई, धरलंय हो त्याने." मग 'चला'.

अठरा गाड्या झाल्या. एकोणिसावी तुझी. रविवारी सकाळी येतोय, गाडी सूनबाई चालवणार आहे. तोवर कव्हरला कात्री लावू नकोस. मागच्या वेळेसारखं कापड फाडून ठेवशील आणि शिवण तशीच राहील. माझी शिवण आहे, ती मलाच उसवता येते.

तुझी ताई

(सूनबाईकडून: हे पत्र मी लिहिलं. रविवारी त्यांच्या गाडीच्या टाकीत पेट्रोल पूर्ण भरून देते, असं मी टायपिस्टबाईंना लिहून दिलंय. 'उपरोक्त'सकट.)